थेओडेलिंडाचं आजोळ: 'दोन टोळ्यांचा संपर्क' म्हणजे नेमका कोणाचा?

सहाव्या शतकातल्या युरोपचा नकाशा तुम्ही पाहिला असेल. आल्प्सच्या उत्तरेला एका रंगात बव्हेरियन, दक्षिणेला इटलीत दुसऱ्या रंगात लोम्बार्ड, मधे ठळक रेघ. संशोधनाला बसताना ती रेघ आधी मनातून पुसा. का, ते एका लग्नावरून पाहू.

इ.स. 589 मध्ये लोम्बार्ड राजा ऑथारी याने बव्हेरियाचा ड्यूक गॅरिबाल्ड याची मुलगी थेओडेलिंडा हिच्याशी लग्न केलं. पुस्तकांत ही 'बव्हेरियन-लोम्बार्ड युती' म्हणून येते. पण तिचं आजोळ बघा. तिची आई वाल्डेराडा ही वाको या लोम्बार्ड राजाची मुलगी, आणि गॅरिबाल्डच्या आधी ती एका फ्रँक राजाची राणी होती. म्हणजे ही 'बव्हेरियन' वधू आईकडून लोम्बार्डच! पुढे तिच्याबरोबर इटलीत आलेला भाऊ गुंडोआल्ड आस्तीचा ड्यूक झाला, आणि त्याचा मुलगा अरिपर्ट 653 मध्ये लोम्बार्डांचा राजा. आता यातला परका कोण?

मग साधनांकडे या. ऑथारी वेश पालटून, स्वतःचाच दूत बनून वधू बघायला गेला, अशी गोष्ट पॉल द डीकन सांगतो. गोष्ट छान आहे, पण ती लिहिली सुमारे दोनशे वर्षांनी. याउलट पोप पहिला ग्रेगरी याने थेओडेलिंडाला लिहिलेली पत्रं तिच्या हयातीतली आहेत. दोन्ही वापरा, पण वेगळ्या प्रश्नांसाठी: पत्रांतून त्या वेळचं राजकारण कळतं, पॉलकडून नंतरच्या पिढ्यांची आठवण.

साडेपाचशे वर्षांनंतर टोळ्यांऐवजी घराण्यांची नावं येतात, पण कोडं तेच राहतं. 1152 मध्ये राजा म्हणून निवडला गेलेला फ्रेडरिक बार्बारोसा वडिलांकडून श्टाउफेन, आईकडून वेल्फ. दोन वैरी घराण्यांना तो जोडेल म्हणून त्याला निवडलं, असं फ्रायसिंगचा बिशप ऑटो लिहितो. हा ऑटो त्याचाच काका! आणि 1180 मध्ये बार्बारोसाने ज्याची बव्हेरिया आणि सॅक्सनी ही दोन्ही राज्यं काढून घेतली, तो हेन्री द लायन त्याचा मामेभाऊ. तेव्हा वंशावळीत नातं दिसलं की लगेच 'सलोखा' लिहू नका.

ही सगळी झाली राजवाड्यातली माणसं. सामान्य लोकांसाठी दफनभूमीकडे वळावं लागतं. बव्हेरियातल्या इ.स. 500 च्या आसपासच्या थडग्यांचा डीएनए अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुरुष बहुतांशी उत्तर आणि मध्य युरोपीय वंशाचे निघाले, तर लहानपणी बांधून लांबट केलेल्या कवट्यांच्या अनेक स्त्रियांची मुळं आग्नेय युरोपात सापडली. त्यांच्याबद्दल एकाही इतिवृत्तात ओळ नाही.

म्हणून आराखड्यात 'दोन टोळ्यांचा संपर्क' असं लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारा. संपर्क नेमका कोणाचा: राजघराण्यांचा की लोकांचा? सांगणारा कोण, आणि किती वर्षांनी सांगतोय? त्याचं स्वतःचं नातं कोणाशी? उत्तरं मिळाली नाहीत, तर दावा तेवढा लहान करा. लहान पण टिकणारा दावा कधीही बरा.