गाठीतलं हाड

सुरी गाठीत अर्ध्यावर गेली आणि कर्रकर्र वाजू लागली. गाठ एका म्हाताऱ्या स्पिट्झ कुत्रीची, मागच्या सडाजवळची. सोबतच्या फॉर्मवर तिच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं : दगडासारखी टणक, कॅन्सरची शंका.

कुत्रीला साधारण पाच जोड्या स्तनग्रंथी असतात. एकाच वेळी अनेक गाठी येऊ शकतात आणि एक साधी, तर शेजारची घातक निघू शकते. म्हणून प्रत्येक गाठ वेगळी तपासावी लागते. ती दहापट फॉर्मॅलिनमध्ये हवी. मोठी असेल तर चिरून बुडवावी, नाहीतर मधला भाग कुजतो. मी कडांना शाई लावते, म्हणजे गाठ पूर्ण निघाली का, ते नंतर कळतं. हाडाळ तुकडा आधी आम्लात मऊ करायचा. मग मेणाचा ठोकळा, त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप आणि रंग.

मायक्रोस्कोपखाली दिसल्या दूधनलिकांच्या पेशी, त्यांच्याभोवती लांबट मायोएपिथेलियल पेशी, निळसर चिकट द्रव्य, कूर्चा आणि चक्क हाड. स्त्रियांच्या स्तनात हे दुर्मीळ; कुत्रीत मात्र अशा मिश्र गाठी नेहमी भेटतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. तरी हाड कोणत्या पेशींनी घडवलं, हे पाहिल्याशिवाय मी सही करत नाही. पेशी बेढब असतील, भराभर विभागत असतील, तर तो ऑस्टिओसार्कोमा असू शकतो. नलिकांच्या पेशीही घातक असतील तर कार्सिनोसार्कोमा. पेशींचं मूळ ओळखू येईना, तर पी-63 आणि कॅल्पोनिन ही प्रथिनं दाखवणारे विशेष रंग मदतीला येतात.

उलट प्रकार जास्त छळतो. पोटाची कातडी लाल, गरम, सुजलेली. हाताला ठळक गाठ नाही. स्तनदाह समजून अँटिबायोटिक दिली जातात, सूज हटत नाही. अशा वेळी मी आधी कातडीतल्या लसिकावाहिन्या शोधते. त्यांत कॅन्सरपेशींचे पुंजके अडकलेले दिसले, की तो दाहक कार्सिनोमा. तिथे शस्त्रक्रिया सहसा उपयोगी पडत नाही. वेदना कमी करणं हेच मोठं काम उरतं.

स्पिट्झच्या गाठीत घातक पेशी नव्हत्या, कडाही मोकळ्या होत्या. अहवालात 'निरुपद्रवी मिश्र गाठ' लिहिलं आणि खाली जोडलं : उरलेल्या ग्रंथी नियमित चाचपाव्यात, नवी गाठ आली तर कितीही लहान असो, काढून तपासणीला पाठवावी. सुईच्या नमुन्यावर साधी की घातक, हे अनेकदा ठरत नाही. ते ठरवायला अख्खी गाठ लागते.