१९२ चौरस फुटांची राखण

आयर्लंडच्या वायव्येस डॉनेगल नावाचा जो खडकाळ, समुद्रवाऱ्याने अहोरात्र झोडपलेला परगणा आहे, तेथील बर्टनपोर्ट ह्या कोळ्यांच्या बंदरानजीक वाढलेल्या पॅकी बॉनर ह्या गोलरक्षकाच्या दोन सामन्यांच्या चित्रफिती एका बैठकीत पाहण्याचा योग आला, आणि त्या दोन सामन्यांमध्ये अवघ्या पाच दिवसांचे अंतर आहे हे ध्यानात आल्यापासून माझे मन त्या एकाच गोष्टीभोवती घोटाळू लागले. २५ जून १९९० रोजी जेनोआ येथे, रुमानियाशी १२० मिनिटे गोलशून्य झुंज दिल्यानंतर, डॅनिएल टिमोफ्टे ह्याची पेनल्टी बॉनरने अडवली, लगेच डेव्हिड ओ'लिअरीने आपली पेनल्टी जाळ्यात घातली, आणि विश्वचषकात प्रथमच उतरलेले आयर्लंड उपांत्यपूर्व फेरीत जाऊन पोहोचले. ३० जूनला रोममध्ये इटलीच्या डोनाडोनीचा जोरकस फटका त्याच हातांनी परतवला खरा. पण चेंडू बाहेर न जाता स्किलाचीच्या पायाशी गेला, आणि तोल गेलेला बॉनर सावरतो न सावरतो तोच ३८व्या मिनिटाला गोल झाला. इटलीने तो सामना त्या एकाच गोलाने जिंकला. पाच दिवसांपूर्वीचे हात, पाच दिवसांपूर्वीचीच निष्ठा. आणि पदरात पडलेला निकाल मात्र सर्वस्वी विपरीत! ज्या पेशात माणसाच्या कर्तबगारीचा हिशेब असा मांडला जातो तो जवळून पाहावा, ह्या ओढीने डब्लिनच्या मुक्कामात मी तेथील लीगमध्ये खेळणाऱ्या एका संघाच्या गोलरक्षकांचा सराव पाहण्याची परवानगी मागितली, आणि ती सहज मिळाली.

गोलरक्षकांचा सराव इतरांच्या आधी, मैदानाच्या एका कोपऱ्यात सुरू होतो. पाऊस बारीक, न थांबणारा. प्रशिक्षक स्वतः पूर्वीचे गोलरक्षक. त्यांच्या उजव्या हाताचे एक बोट कायमचे वाकडे झालेले आहे, आणि त्याविषयी ते कधी बोलत नाहीत. माझ्याशी मात्र त्यांनी पहिल्याच भेटीत, खांबाला टेकून, एक आकडा बोलून दाखवला. "चोवीस फूट रुंद, आठ फूट उंच. एकशे ब्याण्णव चौरस फूट. बाकीचं सगळं मैदान दुसऱ्यांचं. आमच्या नावावर एवढंच." १९२ चौरस फूट! मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची असते आणि तीत सबंध कुटुंबाचा संसार मावतो. त्याहून थोडी मोठी जागा हवेत उभी करून तिच्या रक्षणासाठी एकच माणूस तैनात करावयाचा, असा हा मामला आहे.

तेथे दोघे गोलरक्षक होते. पहिला नेमणुकीवरचा, शुक्रवारच्या सामन्यात खेळणारा. दुसरा राखीव, विशी नुकतीच ओलांडलेला, लांब हातांचा, मितभाषी. माझी दृष्टी ह्या दुसऱ्यावर खिळली ती अखेरपर्यंत. सरावापूर्वी त्याने हातमोज्यांच्या तळव्यांवर बाटलीतील पाणी ओतले, ते एकमेकांवर चोळले आणि मग नाकाशी नेऊन पाहिले. ओल्या रबराचा तो आंबूस वास, चिखल आणि नुकत्याच कापलेल्या गवताच्या वासात मिसळलेला, माझ्या कपड्यांना कितीतरी वेळ चिकटून राहिला. कोरड्या तळव्याला चेंडू धरत नाही, म्हणून ही ओल; हे त्याने मला दोन शब्दांत सांगितले आणि तो जागेवर गेला.

धावणे, झेल, डावी-उजवी झेप, उंच चेंडू, लाथेने दूर फेकणे, हा क्रम ठराविक आहे आणि त्याचे वर्णन करीत बसण्यात हशील नाही. लक्षात राहिले ते झेपेनंतरचे उठणे. प्रेक्षक झेप पाहतो. प्रशिक्षक झेपेकडे ढुंकूनही पाहत नव्हते. चेंडू अडवून जमिनीवर आडवा पडलेला तो तरुण गुडघा आत घेऊन, हात न टेकता, किती क्षणांत पुन्हा पायांवर येतो ह्याकडे त्यांचे सारे लक्ष होते. कारण अडवलेला चेंडू समोरच्याच्या पायाशी गेला तर दुसरा फटका ताबडतोब येतो, आणि रोमला झाले ते नेमके हेच होते. तसेच फटका मारला जाण्याच्या ऐन क्षणी दोन्ही पाय जमिनीवर स्थिर असले पाहिजेत, ह्यावर त्यांचा कटाक्ष. चालत्या पायाला झेप घेता येत नाही. पुढे सरकून कोन लहान करावयाचा, मारणाऱ्याला १९२ चौरस फुटांपैकी निम्मे देखील दिसू नयेत अशी जागा धरावयाची, आणि मग थबकावयाचे: ह्या विद्येचा बहुतेक भाग अशा रीतीने चेंडू येण्यापूर्वीच संपलेला असतो. ज्याने जागा अचूक धरली त्याच्या हातात चेंडू अलगद येऊन बसतो आणि कोणी टाळी वाजवीत नाही. ज्याची जागा चुकली त्याला उडी मारावी लागते, आणि टाळ्या त्याला मिळतात. ही गोष्ट मला न्याय्य वाटली नाही. आजही वाटत नाही.

उंच आलेला चेंडू गर्दीतून वर झेपावून धरण्याची आयरिश गोलरक्षकांची हातोटी गेलिक फुटबॉलमधून आली, असे प्रशिक्षकांचे मत पडले. त्या देशी खेळात चेंडू हाताने धरता येतो, आणि बॉनर लहानपणी तो खेळत असे. न्यूरीचे पॅट जेनिंग्जही त्याच मातीतले. उत्तर आयर्लंडसाठी ११९ सामने खेळून, १२ जून १९८६ रोजी, आपल्या एकेचाळिसाव्या वाढदिवशी, मेक्सिकोमध्ये ब्राझीलविरुद्ध ते शेवटचे उभे राहिले. एकेचाळीस वर्षांचे वय आणि समोर ब्राझील. त्या दिवशी तीन गोल झाले, म्हणून त्यामागील २० हून अधिक वर्षांच्या चाकरीला बाध येतो असे कोणता सुज्ञ माणूस म्हणेल?

बॉनरची चाकरीही दीर्घ होती. मे १९७८ मध्ये ग्लासगोच्या सेल्टिक संघाचे थोर प्रशिक्षक जॉक स्टीन ह्यांनी, आपली कारकीर्द संपत आली असता, जो अखेरचा खेळाडू रुजू करून घेतला तो हा अठराव्या वर्षात... अठरा पूर्ण होण्यास दहा दिवस कमी असलेला मुलगा. १७ मार्च १९७९ रोजी, सेंट पॅट्रिकच्या सणादिवशी, तो प्रथम सेल्टिककडून उतरला. २४ मे १९८१ रोजी, आपल्या एकविसाव्या वाढदिवशी, पोलंडविरुद्ध प्रथम देशाकडून खेळला आणि ती लढत हरला. जून १९८८ मध्ये श्टुटगार्ट येथे रे हॉटनने सहाव्या मिनिटाला केलेला एकमेव गोल उरलेला सबंध वेळ इंग्लंडच्या माऱ्यापुढे ज्याने जपला, तो बॉनरच. १९९० मध्ये पालेर्मोला हॉलंडविरुद्ध बरोबरीचा गोल झाला त्याचा उगम बॉनरच्याच लांबवर मारलेल्या चेंडूत होता: एका डच बचावपटूने तो आपल्या गोलरक्षकाकडे परत ढकलला, फान ब्रॉयकेलेनच्या हातून तो निसटला, आणि नायल क्विनने घसरत जाऊन जाळ्यात लोटला. एका गोलरक्षकाच्या लाथेचे आणि दुसऱ्याच्या निसटलेल्या हाताचे हे फलित. इतिहासात नाव राहिले क्विनचे.

मग १९९२ साली कायदाच बदलला. सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेऊ नये, असा दंडक आला. तोवर संकटकाळी चेंडू मागे देऊन श्वास घेण्याची सोय होती. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, हातांवर सारी हयात घालवलेल्या बॉनरला आता पायांनी नव्याने शिकावे लागले. ४ जुलै १९९४ रोजी विश्वचषकात, ऑर्लँडोच्या उन्हात, हॉलंडच्या विम योंकने दुरून मारलेला, धरता येण्याजोगा चेंडू त्याच्या हातांतून निसटून जाळ्यात गेला. आयर्लंड २-० असे हरून घरी परतले. त्याच स्पर्धेत सोळा दिवस आधी इटलीला एकही गोल करू न देता आयर्लंडने जिंकलेल्या सामन्यातही तोच उभा होता, हे सांगण्याची तसदी फार थोडे घेतात. सेल्टिकने त्या वर्षी त्याला मुक्त केले होते. टॉमी बर्न्स प्रशिक्षक होऊन आले तेव्हा त्यांनी त्याला परत आणले, आणि मे १९९५ मध्ये स्कॉटिश चषक जिंकणाऱ्या सेल्टिकच्या गोलात बॉनर होता. देशाकडून एकंदर ८० सामने खेळून तो निवृत्त झाला.

ऑर्लँडोविषयी मी प्रशिक्षकांना विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. राखीव गोलरक्षकाला जागेवर उभे केले आणि तीसेक यार्डांवरून, डोक्याच्या उंचीने, सरळ अंगावर येणारे चेंडू मारावयास सुरुवात केली. सोपे चेंडू! एकामागून एक. अंगठे एकमेकांजवळ, तळवे पसरलेले, कोपरे किंचित वाकलेली. प्रत्येक चेंडू त्या ओल्या रबरात येऊन थप्प वाजत होता. पुष्कळ वेळाने एक निसटला. कोणी काही बोलले नाही; तरुण उठला, चेंडू परत फेकला, आणि पुढचा आला.

ह्या तरुणाला त्या संघात बढती मिळेल की नाही हे पहिल्याच्या दुखापतीवर अथवा बदलीवर अवलंबून आहे. दहा खेळाडूंना मैदानात जागा सरकवून घेता येते. गोलात एकच आसामी लागते. पूर्वी पंधरा-सोळाव्या वर्षी आयरिश मुले इंग्लंडला जात. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, २०२१ पासून, अठराव्या वर्षापर्यंत ती वाट बंद झाली आणि अनेकांची उमेदवारी आता घरच्या लीगमध्येच होते. माझ्या मते ते हिताचेच आहे. गेलेल्यांनाही प्रतीक्षा चुकली नाही. कॉर्कचा गोलरक्षक क्वीवीन केलेहर २०१५ साली लिव्हरपूलला गेला, आणि तेथील पहिला गोलरक्षक अलिसन ह्याच्या पाठीमागे उभे राहण्यातच त्याची बहुतेक वर्षे गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये वेंब्ली येथे लीग चषकाच्या अंतिम सामन्यात संधी आली तेव्हा दोन्हीकडच्या दहा-दहा पेनल्ट्या जाळ्यात गेल्यावर अकरावी त्याने स्वतः मारली, चेल्सीच्या केपाचा चेंडू वरून गेला, आणि लिव्हरपूल ११-१० असे जिंकले. पहिल्या क्रमांकाचे स्थान हवे म्हणून २०२५ मध्ये त्याला ब्रेंटफर्ड गाठावे लागले. शे गिव्हन, तोही डॉनेगलचाच, देशाकडून १३४ सामने खेळला. त्याला देखील मँचेस्टर सिटीत जो हार्टसाठी जागा खाली करून द्यावी लागली.

शुक्रवारी संध्याकाळी मी सामन्याला गेलो. राखीव गोलरक्षकाने सामन्यापूर्वी पहिल्या गोलरक्षकावर फटके मारले, डावीकडून, उजवीकडून, सरळ अंगावर; हे त्याचे त्या दिवसाचे काम होते आणि ते त्याने मन लावून केले. मध्यंतरात पुन्हा तेच. १९२ चौरस फुटांत तो गोलरक्षक म्हणून क्षणभरही उभा राहिला नाही. सामना गोलशून्य सुटला. बाहेर पडताना फाटकाशी तो भेटला, तेव्हा पहिल्या गोलरक्षकाने उत्तरार्धात एका कॉर्नरच्या वेळी अर्धे पाऊल पुढे जाऊन जागा कशी धरली हे त्याने हातवारे करून मला समजावले. ते मला स्टँडवरून दिसलेच नव्हते. न खेळलेल्यांचा सराव दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आहे, असे सांगून तो बसच्या थांब्याकडे निघाला.