हवा शिरली कुठून?

फिल्टर नवा बसवलाय, टाकीत डिझेल काठोकाठ आहे, बॅटरी ताजी आहे. तरी इंजिन नुसतं गरगर फिरतं, पेटत नाही. धुरांड्यातून धुराचा मागमूस नाही. शेतावरचं एका सिलिंडरचं इंजिन असो, मालट्रक असो की मासेमारीची नौका, जवळ उभे असलेले मिस्त्री हात पुसत एवढंच म्हणतात, "एअर घेतलीय." मग पाने बाहेर निघतात आणि हवा काढायचं काम सुरू होतं. हे काम बघत मी गॅरेजांच्या दारात आणि बंदरांच्या धक्क्यांवर वर्षानुवर्षं उभा राहत आलोय. यंत्राच्या पोटात काय चाललंय ते डोळ्यांनी बघता आणि कानांनी ऐकता येतं, अशा यंत्रशास्त्रातल्या फार थोड्या जागांपैकी ही एक जागा आहे.

एवढीशी हवा एवढं मोठं इंजिन कसं अडवते? पाच अश्वशक्तीचं, मिनिटाला १५०० फेरे घेणारं इंजिन पूर्ण भारावर तासाला लिटरभर किंवा थोडं जास्त डिझेल पितं. त्यासाठी त्याचा पंप दर दोन फेऱ्यांनी एकदा, म्हणजे तासाभरात ४५,००० वेळा डिझेल ढकलतो. भागाकार केला की एका वेळचा वाटा निघतो जेमतेम २५ घन मिलिमीटर, म्हणजे साधारण अर्धा थेंब. हा अर्धा थेंब नोझलची सुई उचलण्यासाठी सुमारे २०० बार, म्हणजे वातावरणाच्या दोनशे पट दाबाला न्यावा लागतो. एवढ्या दाबाखालीही डिझेल फार तर एक-दीड टक्का आकसतं, म्हणून पंपाचा जोर थेट सुईपर्यंत पोचतो. आता त्याच नळीत चार मिलिमीटर व्यासाचा, मुगाएवढा बुडबुडा आहे असं धरा. त्याचं आकारमान ३३ घन मिलिमीटर. पंपाने आपले सगळे २५ घन मिलिमीटर त्याच्यावर खर्च केले तरी बुडबुडा दबून आठवर येतो आणि दाब चार-पाच पट वाढतो. हवे होते दोनशे! पंपाचा दट्ट्या मागे सरकला की बुडबुडा पुन्हा फुगतो, पुढच्या खेपेला पुन्हा दबतो, आणि सुई जागची हलत नाही.

इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. रुडॉल्फ डिझेलने १८९२ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये ऑग्सबर्गला त्याचं इंजिन समाधानकारक चाललं. गंमत म्हणजे त्या इंजिनात इंधन आत फवारायचं काम दाबलेली हवाच करायची. त्यासाठी इंजिनाला वेगळा कॉम्प्रेसर जोडलेला असे. पुढे नुसत्या द्रवाच्या दाबाने फवारण्याची रीत आली, रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातून १९२७ पासून असे पंप मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले, आणि इंधनाच्या वाटेत हवा नकोशी झाली. आपल्याकडे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली, १९५१ मध्ये बंगळूरला असे पंप बनवणारी 'मायको' आली, तिचाच कारखाना पुढे नाशिकला झाला. खेड्यापाड्यात डिझेल इंजिन पोचलं आणि मिस्त्रींची एक जात तयार झाली.

हवा काढायची रीत शिकायची तर एका सिलिंडरच्या इंजिनावर. टाकी वर, इंजिन खाली, डिझेल आपल्या वजनाने उतरतं. टाकीचा कॉक उघडायचा आणि फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दोन-तीन आटे सैल करायचा. आधी फेस येतो, मग मोठे बुडबुडे, मग बारीक, आणि शेवटी काचेसारखी स्वच्छ धार. धार वाहत असतानाच स्क्रू आवळायचा. ती थांबल्यावर आवळला तर हवा पुन्हा आत. मग पंपाचा स्क्रू, तीच रीत. शेवटी नोझलकडचा हाय प्रेशर पाइपचा नट सैल करायचा आणि हँडलने इंजिन फिरवायचं. दर दोन फेऱ्यांनी डिझेल उसळी मारून बाहेर येतं. त्यातला फेस संपला की नट घट्ट. क्रम टाकीकडून नोझलकडे, उलटा नाही. घाईत थेट नोझलपाशी सुरुवात करणारी पोरं मी पाहिलीत. फिल्टरमधली हवा मागून येते आणि त्यांना सगळं पुन्हा करावं लागतं.

यानंतरचा क्षण माझ्या सगळ्यांत आवडीचा. डीकॉम्प्रेशन लिव्हर वर करून इंजिन हलकं करायचं, हँडल सावकाश फिरवायचं आणि कान नोझलशी न्यायचा. हवा पुरती गेली असेल तर दर दोन फेऱ्यांनी एकदा बारीक, कोरडा "कर्रर्" असा आवाज येतो. सुई दाबाने उचलली जाते, बसते, पुन्हा उचलली जाते, आणि हे क्षणार्धात अनेकदा घडतं, त्याचा तो आवाज. जाणते मिस्त्री यावरून हवा गेली की नाही हे तर सांगतातच, नोझल नीट फवारतंय की नुसतं थेंब टाकतंय हेही सांगतात. आवाज भरड असेल तर नोझल खोलायला सांगतात. माझ्या मते हा आवाज ओळखता येणं ही डिझेल मिस्त्रीची खरी परीक्षा आहे.

कृष्णाकाठच्या पाणी उपसणाऱ्या इंजिनांवर हवेशी झगडा दोन टोकांना असतो. इंजिनाच्या एका टोकाला डिझेलमधली हवा, दुसऱ्या टोकाला पाण्याच्या पंपातली. सेंट्रिफ्युगल पंप नुसत्या हवेवर फिरला तर पाणी वर खेचू शकत नाही, कारण हवा पाण्यापेक्षा आठशे पट हलकी. तिला भिरकावून ओढ तयार होत नाही. म्हणून शेतकरी पाण्यातल्या नळीच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह तपासतो, पंपाच्या तोंडातून कळशीने पाणी ओततो आणि बुडबुडे थांबेपर्यंत वाट बघतो. फूटव्हॉल्व्हच्या झडपेखाली काडी अडकली की रात्रभरात पाणी उतरतं आणि सकाळी पुन्हा कळशी. ज्याला हे कळलंय त्याला डिझेलची बाजू शिकवावी लागत नाही.

सहा सिलिंडरच्या इंजिनात हेच काम लांबतं. हर्णै बंदरात एका नौकेच्या इंजिनाच्या खोलीत मी वाकून उभा होतो. इंजिन सांभाळणाऱ्या ड्रायव्हरने फीडपंपावरचा हँड प्रायमर अंगठ्याने दाबायला घेतला. सुरुवातीला तो पोकळ जात होता, मग हळूहळू हाताला जड लागू लागला. फिल्टर झाला, पंप झाला. मग नोझलकडचे नट एकेक सैल करून त्याने स्टार्टर मारला, दहा-पंधरा सेकंद, आणि थांबला. स्टार्टर तापू द्यायचा नाही, हे त्याने मला दोनदा बजावलं. फेस संपलेले दोन-तीन नट आवळल्यावर तेवढे सिलिंडर धडधडू लागले, तसे उरलेले नट त्याने आवळत नेले, आणि प्रत्येक नटाबरोबर इंजिनाचा सूर भरत गेला.

पण हवा काढणं हे अर्धंच काम. फिल्टर बदलताना किंवा डिझेल संपल्यावर हवा शिरली तर ती एकदा काढली की विषय मिटतो. दर दोन दिवसांनी काढावी लागत असेल, तर ती कुठूनतरी रोज शिरतेय. हा शोध मला सगळ्यांत जास्त खेचतो. कराडजवळ महामार्गालगतच्या एका गॅरेजात ट्रक उभा होता. सकाळी सुरू व्हायला अर्धा तास घ्यायचा, दिवसभर ठीक चालायचा. मालकाने फिल्टर बदलून पाहिला होता, पंप उतरवायच्या बेतात होता. खाली एक थेंब गळत नव्हता, म्हणून गळती नाही असं त्याने धरलं होतं. मिस्त्री म्हणाले, "गळतंय ते दिसतंय हो. न गळणारं हुडकायला येळ जातो."

ट्रकची टाकी पंपाच्या खाली असते. टाकीपासून फीडपंपापर्यंतच्या नळीत डिझेल ओढलं जातं, म्हणजे तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी. अशा जागी फट पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जागा कोरडी ठाक राहते. इंजिन बंद असताना त्याच फटीतून हवा मिळाली की नळीतलं डिझेल रात्रभर टाकीकडे उतरत राहतं. सकाळचा अर्धा तास त्यात जात होता.

मिस्त्रींनी फीडपंपाची ओढनळी काढून तिच्या जागी दुसरी नळी जोडली आणि ती डिझेलच्या डब्यात सोडली. इंजिन चाललं, बुडबुडे नाहीत. म्हणजे दोष टाकीच्या बाजूला. मग पारदर्शक नळीचा तुकडा एकेका सांध्यापाशी जोडत ते मागे सरकत गेले. शेवटी सापडला तो एका बँजो बोल्टखालचा तांब्याचा वायसर. नखाने चाचपून त्यांनी मला त्यावरची रेघ दाखवली, डोळ्यांना ती नीट दिसतही नव्हती. आवळून आवळून तांबं कडक होतं आणि मग ते पृष्ठभागाच्या खाचखळग्यांत बसत नाही. त्यांनी दुसरा जुना वायसर गॅसवर लालबुंद होईपर्यंत तापवला आणि पाण्यात टाकला. पोलाद असं विझवलं की कडक होतं. तांबं तापवल्यावर मऊ पडतं आणि विझवलं तरी मऊच राहतं. हा उपाय शास्त्रशुद्ध आहे. तरीही माझं मत असं की बोल्ट उघडला की नवा वायसर घालावा. त्याच्या किमतीत ट्रक अर्धा तासही उभा ठेवणं परवडत नाही.

जुन्या रबरी नळीची क्लिपखालची चीर, सेडिमेंटरच्या वाटीचं गॅस्केट, झिजलेला हँड प्रायमर, टाकीच्या आतल्या नळीची भेग, या इतर जागा. टाकीच्या झाकणाचं श्वासछिद्र चिखलाने बुजलं तर ओढ वाढते आणि एरवी तग धरणारा सांधाही हवा घेऊ लागतो, म्हणून ते आधी पाहावं.

आता कॉमन रेलचं, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच सामाईक नळीतून दाबाखालचं डिझेल पुरवणाऱ्या व्यवस्थेचं. एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचं बीएस-६ मानक आलं, त्याच्या बऱ्याच आधीपासून नव्या गाड्यांत ही व्यवस्था रुळली होती. इथे जुनी सवय घातक आहे. दाब १६०० ते २००० बारपर्यंत जातो. इंजिन फिरवत नोझलचे नट सैल करायचे नाहीत. नव्या फिल्टरमध्ये बाहेरून डिझेल ओतून तो बसवायचा नाही, कारण मधल्या भोकातून ओतलेलं न गाळलेलं डिझेल थेट पंपाकडे जातं, आणि तिथल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात. हातपंप किंवा रबरी फुगा असेल तर घट्ट लागेपर्यंत दाबायचा. टाकीत विजेचा पंप असेल तर किल्ली 'ऑन' करून त्याची घरघर थांबेपर्यंत थांबायचं, बंद करायचं, असं चार-पाचदा, मग स्टार्टर. गळती शोधायला हात कधीच फिरवायचा नाही, पुठ्ठा फिरवायचा. जुन्या इंजिनाचा नोझल हातात धरून फवारा बघणारे मिस्त्री आजही आहेत, त्यांनाही हे सांगायलाच हवं: बारीक फवारा कातडी भेदून आत जातो. बाहेर सुई टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, पण काही तासांत बोट किंवा हात गमवायची वेळ येऊ शकते. असं झालं तर मलम लावून सकाळची वाट बघत बसू नये. लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठावं आणि दाबाखालचं डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावं.