आयपॉडात अडकलेली भजने

ज्या वऱ्हाडात तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने गावोगावच्या रात्री जागवल्या, तेथील नांदगाव खंडेश्वरासारख्या तालुक्याच्या गावी भजनाच्या कॅसेटी घरोघर आल्या, मागाहून सीडी आल्या, आणि परगावी वा परदेशी गेलेल्या मुलांच्या हस्ते क्वचित एखादा आयपॉडही येऊन पोहोचला असल्यास नवल नाही. ज्या संगणकावरून त्यात गाणी चढवली तो कालांतराने भंगारात जातो, कॅसेटीची फीत विरते, आणि आजोबांच्या आवाजातील अभंगाची एकमेव प्रत त्या तळहाताएवढ्या यंत्रात उरते. ती वेळीच बाहेर काढण्याची तजवीज व्हावी, ही माझी मनःपूर्वक इच्छा आहे; कारण जुन्या आयपॉडांतील फिरती तबकडी झिजणारी आहे आणि मे २०२२ मध्ये ॲपल कंपनीने आयपॉडचे युगच संपुष्टात आणले आहे.

२००१ साली हे यंत्र निघाले तेव्हा गाणी संगणकातून त्यात जावीत, उलट येऊ नयेत, असाच दंडक आयट्यून्स या आज्ञावलीत घातलेला होता. २००६ मध्ये परतीची मुभा मिळाली, तीही कंपनीच्याच दुकानातून विकत घेतलेल्या गाण्यांपुरती. तथापि घरी चढवलेली गाणी कुलूपबंद नसतात, केवळ दृष्टिआड असतात. एका लपविलेल्या कप्प्यात चार अक्षरांच्या निरर्थक नावांनी ती विखुरलेली असतात, आणि कोणते नाव कोणत्या भजनाचे याची नोंद एका स्वतंत्र दप्तरात असते. सातबारा पाहिल्याखेरीज नकाशावरील गट क्रमांकावरून शेताचा मालक कळू नये, तशी ही रचना. सेन्यूटी, जीटीकेपॉड यांसारख्या आज्ञावली ते दप्तर वाचून प्रत्येक फायलीस तिचे नाव व गायक पुन्हा बहाल करतात आणि ती संगणकात उतरवतात. २००९ पूर्वी विकत घेतलेल्या अनेक गाण्यांवर मात्र खरोखरीचे कुलूप असते, ते प्रत काढल्याने उघडत नाही.

सर्वांत मोठा धोका जोडणीच्या क्षणी असतो. परक्या संगणकास आयपॉड लावताच आयट्यून्स त्यातील संग्रह पुसून नवा भरण्याची परवानगी मागते. तेथे घाईने होकार देऊ नये.

प्रत उतरल्यावर ती दोन ठिकाणी ठेवावी, आणि भजनी मंडळातील वृद्धांना शेजारी बसवून कोण गात आहे, खंजिरी कोणाची, साल कोणते, हे फायलींच्या नावांतच नोंदवून घ्यावे. कारण घरगुती ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत त्या दप्तरात बहुधा ‘ट्रॅक ०१’ एवढाच दाखला असतो.