समुद्राकाठच्या तळ्यांतील ट्राउट व सॅमन

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे अटलांटिक महासागरात लुइस, हॅरिस, उत्तर युइस्ट, दक्षिण युइस्ट इत्यादी बेटांची एक लांबट रांग आहे. तिला बाह्य हेब्रिडीज म्हणतात. जमीन कोठे संपते व पाणी कोठे सुरू होते हे नकाशावर चटकन कळू नये, इतकी तळी या बेटांवर विखुरलेली आहेत. हिमयुगातील बर्फाने कठीण खडक खरवडून जे खळगे केले, त्यांत पावसाचे पाणी साचून ती झाली. तेथील गेलिक भाषेत तळ्याला ‘लॉख’ म्हणतात. जमिनीत शिरलेल्या खाडीलाही तोच शब्द आहे.

या तळ्यांत ट्राउट मासा सापडतो. परंतु सर्वत्र सारखा नव्हे. बेटांच्या अंतर्भागात अर्धवट कुजलेल्या शेवाळाचे, म्हणजे ‘पीट’चे, जाड थर आहेत. तेथील पाणी कोऱ्या चहासारखे तांबूस व आम्लधर्मी असते. त्यात अन्न थोडे, म्हणून मासाही लहान व काळसर. याउलट पश्चिम किनाऱ्यावर शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू वाऱ्याने पसरून ‘मॅखर’ नावाची सपाट कुरणे बनली आहेत. त्या वाळूतील चुना पाण्यात उतरतो. पाण्यात गोगलगायी व बारीक कीटक विपुल वाढतात आणि ट्राउट भरदार होतो. दोन्ही ठिकाणचे मासे एकाच जातीचे असून अंतर अवघ्या काही मैलांचे असते. जमीन, पाणी व जीव यांचा संबंध समजावून देण्यास याहून सोपे उदाहरण क्वचितच मिळेल.

याच जातीचे काही ट्राउट समुद्रात जाऊन, चंदेरी होऊन परत येतात. सॅमनचा प्रवास मात्र फार मोठा. ओढ्याच्या खड्यांत तो जन्मतो, दोन-तीन वर्षे गोड्या पाण्यात काढतो, मग समुद्रात शिरून पार ग्रीनलंडच्या बाजूपर्यंत जातो आणि अंडी घालण्यासाठी बहुधा आपल्याच ओढ्याकडे परततो. अखेरच्या टप्प्यात पाण्याचा वास त्याला वाट दाखवितो. बेटांवरील ओढे आखूड. कोरड्या दिवसांत त्यांना पाणी पुरत नाही. तेव्हा सॅमन मुखाशी थांबून राहतो आणि पाऊस पडून ओढा फुगला म्हणजे वर चढून तळ्यात येतो.

तळ्यात त्याला धरण्यासाठी होडी वाऱ्यावर आडवी सोडून देतात व पिसे-दोऱ्याची कृत्रिम माशी बांधलेला गळ पुढे टाकतात. पाणी आरशासारखे स्थिर असेल तर मासा सहसा फसत नाही; थोड्या लाटा हव्यात. ट्राउट भुकेने गळ धरतो. सॅमन गोड्या पाण्यात आल्यावर खाणेच सोडतो. तरीही तो माशीवर का झेपावतो, याबद्दल कोळ्यांत एकमत नाही.

आज हा सॅमन संकटात आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ग्रेट ब्रिटनमधील सॅमनची नोंद ‘धोक्यात आलेली’ अशी झाली. समुद्राचे वाढते तापमान हे त्याचे एक कारण. किनाऱ्यालगतच्या पिंजऱ्यांत सॅमन पाळतात, तेथून पसरणारी समुद्री ऊ हे दुसरे. गळाने धरलेला सॅमन विकण्यास स्कॉटलंडमध्ये २००२ पासून बंदी आहे. आता तेथे गळाला लागलेल्या दर १०० सॅमनपैकी ९० हून अधिक जिवंत परत सोडले जातात.

हे वाचताना कोकणातील शिक्षकांना वलगण आठवेल. पहिल्या मोठ्या पावसाने ओढे वाहू लागले की गोड्या पाण्यातील मासे प्रवाहाविरुद्ध चढून भातखाचरांत शिरतात. ते समुद्रातून येत नाहीत, पण येतात ते अंडी घालण्यासाठीच. आणि नेमके तेव्हाच, पोटात गाबोळी असताना, पकडले जातात. या पावसाळ्यात विद्यार्थ्यांकडून वलगणीची तारीख, आलेल्या माशांची स्थानिक नावे व त्यांपैकी किती गाबोळीचे होते, याची वही ठेववावी. पूर्वी कोणते मासे येत असत, हे गावातील वृद्धांना विचारून शेजारच्या रकान्यात लिहावे.