हातचा न लागणारा वर्ग

नऊ एकांची संख्या घ्या, १११११११११, आणि तिला तिनेच गुणा. कागदावर एकाखाली एक नऊ ओळी होतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या बेरजा १, २, ३ करत मधल्या घरात ९ पर्यंत चढतात आणि तशाच उतरतात. हातचा एकदाही घ्यावा लागत नाही. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१, म्हणजे १२३ कोटी कोटींच्या वर.

ही संख्या ज्या घराण्यातली, त्याला नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. जन्म डहाणूचा, १९०५ चा, शिक्षण फर्ग्युसनमध्ये, पेशा देवळालीत शाळामास्तरकी. जी.आय.पी. रेल्वेवरच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून या ‘डेम्लो संख्या’. लक्षण असं: डावा आणि उजवा भाग मिळवले की एकच अंक पुन्हा पुन्हा यावा आणि मधल्या भागातही तोच असावा. १६५ मध्ये १ आणि ५ मिळून ६. आपल्या संख्येत १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ मिळून ९९९९९९९९, आणि मध्ये ९ बसलेलाच आहे.

कापरेकरांची दुसरी जात ‘हर्षद’: अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणारी संख्या. इथे बेरीज ८१. भागून पाहा, येतात १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. तिचीच भावंडं मात्र बहुतेक नापास. १२१ ची बेरीज ४, भाग जात नाही. एक ते नऊ एकांच्या वर्गांत हर्षद तीनच: १, १२३२१ आणि ही.

तिसरी जात स्वयंभू, अर्थात ‘देवळाली संख्या’: कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही ती. इथे आपली संख्या बाद. १२३४५६७८९८७६५४२४० च्या अंकांची बेरीज ८१. ती मिळवा, जनक सापडला!

कापरेकरांना अनेक गणितज्ञ हसत. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. आक्षेप असा की हे संख्येचे गुण नव्हेत, दशमान लिखाणाचे. काही अंशी खरंच आहे. पण आपली संख्या म्हणजे ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार, म्हणून तिला ४५ विभाजक. हे मात्र कुठल्याही लिपीत, कुठल्याही पायात टिकतं. पण कापरेकरांच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. आठाच्या पायात सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असाच येतो. शिडी प्रत्येक पायात उभी राहते, बदलते ती तिची उंची.

दशमानात ती नवाशी संपते. दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१: हातचे आले, डाव्या चढणीतला ८ गायब, उलटसुलट सारखेपणा गेला. अंकांची बेरीज ८२. आणि विषम संख्येला सम भाजकाने निःशेष भाग कसा जाणार?