श्रद्धा व सत्कृत्ये, ख्रिस्ती तारणविचारातील

मनुष्याचे पापापासून तारण केवळ येशू ख्रिस्तावरील श्रद्धेने होते की श्रद्धेला सत्कृत्यांची जोड असावी लागते, हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न होय. सोळाव्या शतकात पश्चिम यूरोपातील ख्रिस्ती समाज रोमन कॅथलिक व प्रॉटेस्टंट अशा दोन पंथांत दुभंगला, त्याच्या मुळाशी बव्हंशी हाच प्रश्न होता. कॅथलिकांचे तारण कर्माने आणि प्रॉटेस्टंटांचे श्रद्धेने, अशी ढोबळ वाटणी पुष्कळदा केली जाते. परंतु ती दोन्ही पक्षांवर अन्याय करणारी आहे. ईश्वरी कृपेवाचून निव्वळ स्वतःच्या कर्तृत्वाने तारण साधते, असे यांपैकी कोणताही पंथ मानीत नाही आणि सत्कृत्ये अनावश्यक आहेत, असेही मानीत नाही. वाद आहे तो सत्कृत्यांच्या स्थानाविषयी : ती तारणाच्या कारणांत मोडतात की केवळ त्याच्या फलांत. मराठी बायबलमध्ये श्रद्धेसाठी सामान्यतः ‘विश्वास’ आणि ईश्वराने पापी मनुष्याचा स्वीकार करण्याच्या कृतीसाठी ‘नीतिमान ठरविणे’ हे शब्द योजिलेले आढळतात.

या प्रश्नाची दोन्ही उत्तरे नव्या करारातच आहेत. रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत पौलाने, मनुष्य नियमशास्त्रातील कर्मांनी नव्हे तर विश्वासाने नीतिमान ठरतो, असे प्रतिपादन केले आहे. याकोबाच्या पत्रात मात्र मनुष्य केवळ विश्वासाने नव्हे, तर कर्मांनी नीतिमान ठरतो, असे स्पष्ट म्हटले आहे. विशेष म्हणजे दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात. पौलाच्या दृष्टीपुढे ईश्वराच्या वचनावर विसंबून राहिलेला अब्राहाम आहे, तर याकोबाच्या दृष्टीपुढे पुत्र इसहाक यास वेदीवर अर्पण करण्यास निघालेला अब्राहाम आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात यांतील पहिला प्रसंग पंधराव्या अध्यायात व दुसरा बाविसाव्या अध्यायात येतो. ही विसंगती वाटते तितकी तीव्र नाही. याकोब ज्या विश्वासाला अपुरा ठरवितो, तो ईश्वर आहे एवढे मान्य करण्यापुरता विश्वास होय. तसा विश्वास भुतेही ठेवतात, असे तो म्हणतो. पौलाच्या लेखी विश्वास म्हणजे आत्मसमर्पण असून तो प्रीतीच्या द्वारे कार्य करतो. यांशिवाय मत्तयकृत शुभवर्तमानात अंतिम न्यायाचे जे वर्णन आहे, त्यात भुकेल्यास अन्न देणे, उघड्यास वस्त्र देणे व बंदिवानास भेटणे या कृत्यांवरूनच निवाडा होतो. केवळ श्रद्धेचा पुरस्कार करणाऱ्या प्रत्येक भाष्यकाराला या वर्णनाचा अर्थ लावणे भाग पडले आहे.

पाचव्या शतकाच्या आरंभी पेलेजियस या तपस्व्याने, मनुष्याची इच्छाशक्ती स्वतंत्र असून तो ठरविल्यास निष्पाप जगू शकतो, असे मत मांडले. त्यामागे रोममधील ख्रिस्ती लोकांची नैतिक शिथिलता दूर करण्याचा हेतू होता. संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी त्याला कडवा विरोध केला. त्यांच्या मते पतित मनुष्याची इच्छाच रोगग्रस्त असल्याने चांगले करण्याची प्रेरणादेखील कृपेनेच मिळते. ईश्वर मनुष्याच्या पुण्याचा गौरव करतो, तेव्हा तो स्वतःच्याच देणगीचा गौरव करीत असतो. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलेजियसचे मत त्याज्य ठरविले. टॉमस अक्वाय्‌नस या तेराव्या शतकातील धर्मपंडिताने प्रीतीने आकार दिलेली श्रद्धा हीच तारक श्रद्धा, असा सिद्धांत मांडला आणि पुढील कॅथलिक विचाराचा तो पाया ठरला.

सिद्धांत असा सूक्ष्म असला, तरी मध्ययुगाच्या अखेरीस प्रत्यक्ष धर्माचरणाला हिशेबाचे स्वरूप आले होते. तीर्थयात्रा, उपवास, मृतांसाठी मिसा आणि पापदंडाची माफीपत्रे यांच्या जमाखर्चात सामान्य भाविक गुंतला होता. मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) हा ऑगस्टिनियन मठवासी कठोर व्रतस्थ होता. तथापि आपण पुरेसे केले की नाही, या शंकेने तो ग्रासला होता. रोमकरांस पत्राच्या मननातून, ईश्वराचे नीतिमत्त्व म्हणजे शिक्षा करणारा न्याय नसून श्रद्धावानाला मिळणारे दान होय, असा उलगडा त्याला झाला. रोममधील सेंट पीटर चर्चच्या बांधकामासाठी चाललेल्या माफीपत्रांच्या विक्रीविरुद्ध त्याने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ९५ प्रमेये मांडली. १५२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या जर्मन नव्या करारात रोमकरांस पत्रातील विधानात (३:२८) मूळ ग्रीकमध्ये नसलेला ‘केवळ’ हा शब्द त्याने घातला आणि जर्मन भाषेच्या वळणाला तो आवश्यक आहे, असे त्याचे समर्थनही केले. याकोबाच्या पत्राला तो दुय्यम लेखीत असे. तथापि सत्कृत्यांना त्याचा विरोध नव्हता. १५२० मध्ये त्याने त्या विषयावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. झाड चांगले असले की फळ आपोआप चांगले येते, पण फळामुळे झाड चांगले होत नाही, असे त्याचे म्हणणे होते. तारणाची चिंता सुटलेला मनुष्यच शेजाऱ्याची सेवा निरपेक्षपणे करू शकतो, हा त्याच्या विचाराचा गाभा असून तो अनेकदा दुर्लक्षिला जातो.

या विचारातील धोका ल्यूथरच्या अनुयायांनाच प्रथम जाणवला. जॉर्ज मायोर या विटेनबर्गच्या प्राध्यापकाने सत्कृत्ये तारणास आवश्यक आहेत असे म्हणताच, ल्यूथरचा जुना सहकारी निकोलाउस फोन आम्सडोर्फ याने ती तारणास घातक आहेत असे प्रत्युत्तर दिले. सत्कृत्यांवर विसंबणे घातक, एवढाच त्याचा आशय असला तरी विधान टोकाचे होते. १५७७ च्या ‘फॉर्म्युला ऑफ काँकॉर्ड’ या मतपत्राने दोन्ही विधाने अमान्य केली. जॉन कॅल्व्हिन (१५०९–६४) याने नीतिमान ठरणे आणि पवित्र होत जाणे ही एकाच ख्रिस्ताकडून मिळणारी, वेगळी पण अविभाज्य अशी दुहेरी कृपा मानली.

दोन्ही पक्षांत समेटाचे प्रयत्नही झाले. १५४१ मध्ये रेगेन्सबुर्ग येथील चर्चेत कार्डिनल गास्पारो कोंतारीनी, फिलिप मेलांख्थोन प्रभृतींचे या विषयावरील मसुद्याबाबत एकमत झाले होते. परंतु तो मसुदा ना ल्यूथरला रुचला, ना रोमला. पुढे ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी आपला निर्णय घोषित केला. त्यातील पहिलेच निषेधवचन, कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी तारण साधते, या मताविरुद्ध आहे. श्रद्धा हा तारणाचा आरंभ, पाया व मूळ असल्याचेही त्यात मान्य केले आहे. मात्र केवळ श्रद्धा पुरेशी असल्याचे मत त्याज्य ठरवून, कृपेने नवे झालेल्या मनुष्याची सत्कृत्ये पुण्यप्रद असतात व त्यांनी कृपेची वृद्धी होते, असे परिषदेने सांगितले. मतभेदाचे एक कारण परिभाषेत होते. ल्यूथरच्या परंपरेत नीतिमान ठरविणे ही न्यायाधीशाने निर्दोष म्हणून घोषित करण्यासारखी कृती आहे. कॅथलिक परंपरेत तिच्यात मनुष्याचे आंतरिक परिवर्तनही समाविष्ट होते. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स पंथात हा वाद या स्वरूपात उद्भवलाच नाही. तेथे तारण म्हणजे ईश्वरी जीवनात सहभागी होणे असून त्यात कृपा व मानवी प्रयत्न परस्परांना साहाय्य करतात, अशी धारणा आहे.

नंतरच्या काळात प्रॉटेस्टंट पंथांतूनच या प्रश्नाचा पुनर्विचार होत राहिला. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३–९१) याने श्रद्धेने मिळणाऱ्या तारणाचा प्रचार करतानाच पवित्र आचरणावर भर दिला. नाझी राजवटीला विरोध करणारा व १९४५ मध्ये फाशी दिला गेलेला जर्मन ल्यूथरन धर्मोपदेशक डीट्रिख बोनहॉफर याने १९३७ च्या आपल्या ग्रंथात, आज्ञापालनाची अपेक्षाच न ठेवणाऱ्या ‘स्वस्त कृपे’वर कठोर टीका केली. १९७७ मध्ये ई. पी. सँडर्स याच्या ग्रंथाने वादाला निराळे वळण दिले. पौलाच्या काळातील यहुदी धर्म हा कर्माने तारण मिळविण्याचा धर्म नव्हता, त्याचाही आधार ईश्वराची निवड व कृपा हाच होता, असे त्याने दाखविले. त्यानंतर काही अभ्यासकांनी, पौलाच्या आक्षेपाचा रोख सुंता, आहारनियम यांसारख्या यहुदी वेगळेपणाच्या खुणांवर होता, असा अर्थ लावला. तो सर्वमान्य झालेला नाही.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे ल्यूथरन जागतिक संघ व रोमन कॅथलिक चर्च यांनी संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. मनुष्याचा स्वीकार त्याच्या पुण्याईमुळे नव्हे, तर कृपेनेच होतो आणि तीच कृपा त्याला सत्कृत्यांस प्रवृत्त करते, असे त्यात एकमताने म्हटले आहे. मेथडिस्टांनी २००६ मध्ये व रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक संघटनेने २०१७ मध्ये त्यास संमती दिली. जर्मनीतील अनेक प्रॉटेस्टंट धर्मशास्त्राध्यापकांनी मात्र या घोषणापत्राला विरोध दर्शविला होता.

भारतीय वाचकास या वादाशी सदृश असा श्रीवैष्णव संप्रदायातील मतभेद परिचित असतो. वानराचे पिलू आईला स्वतः घट्ट धरते, मांजरीच्या पिलाला आई उचलून नेते. या दृष्टांतांनी वडकलै व तेंकलै शाखा कृपा आणि प्रयत्न यांचा संबंध स्पष्ट करतात. रूडॉल्फ ओटो (१८६९–१९३७) याने भारतीय कृपामार्ग व ख्रिस्ती धर्म यांची तुलना केली आहे. तथापि ख्रिस्ती विचारात कृपा ही क्रुसावरील मरण या एका ऐतिहासिक घटनेशी निगडित आहे, हा भेद महत्त्वाचा होय.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा व्यक्तिगत पातळीवरील अनुभव पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या आत्मनिवेदनात (१९०७) आढळतो. इंग्लंडमध्ये पतित स्त्रियांसाठी ख्रिस्ती भगिनी करीत असलेले सेवाकार्य पाहून त्या त्या धर्माकडे ओढल्या गेल्या व १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे सत्कृत्ये ही त्यांच्या श्रद्धेची वाट ठरली. परंतु पुढे सुमारे आठ वर्षांनी, आपल्याला धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, अशी जाणीव त्यांना झाली आणि केवळ श्रद्धेने मिळणाऱ्या क्षमेतच त्यांना शांती लाभली. या वेळी मुंबईत १८८९ मध्ये स्थापन झालेले त्यांचे शारदा सदन पुण्यात चालू होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगाव येथे त्यांच्यासाठी मुक्तिसदन उभारले.